जोडवी

जोडवी निघेनात. नानीनं मोरीतल्या दगडावर पाय टेकवला, बोटाला साबण चोळला, वरून तांब्याभर पाणी घातलं आणि पुन्हा साबण चोळला. लग्नात घातलेली जोडवी ती. बोटं जाड होत गेली, चांदी होती तेवढीच राहिली. उजव्या पायातलं जोडवं शेवटी निघालं, तेव्हा सांध्यावरची कातडी सोलून निघाली होती. खाली, जिथं इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं, तिथं पांढराफटक वळ होता. नानीनं तो अंगठ्यानं पुसून पाहिला, जणू साबणच राहिलाय. मग दोन्ही जोडवी पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दातानं आवळली.

"आज रातच्याला द्यायचीत," ती म्हणाली. "समद्या बाया देणार हायेत."

आमचं गाव नेवासे तालुक्यात, नगर जिल्ह्यात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण नानीसाठी ते नगरच. गावाच्या कडेला ख्रिस्ती वस्ती, तिच्या मधोमध दगडी देऊळ. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. त्या आठवड्यात वस्तीमागच्या मोकळ्या रानात मांडव पडला होता आणि तीन रात्रींच्या सभा चालू होत्या. वक्ते केरळातून आले होते. हिंदीत बोलायचे आणि श्रीरामपूरकडचा एक मुलगा ते मराठीत सांगायचा. दुसऱ्या रात्री ते म्हणाले की मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या या अंधारातल्या खुणा आहेत; ज्यांना उजेड मिळाला त्यांनी त्या अंगावर ठेवू नयेत. माणूस खोटा नव्हता. मी त्यांना जवळून पाहिलं आहे. आजाऱ्याच्या खाटेशी रात्र-रात्र बसणारा, कुणाच्याही घरचं पिठलं-भाकरी आनंदानं खाणारा माणूस. म्हणूनच बायांनी ऐकलं. लबाड माणसाचं कुणी ऐकलंच नसतं.

पुढे नोकरीच्या निमित्तानं मी दोन वर्षं केरळात काढली, तेव्हा मला या गोष्टीचं मूळ दिसलं. तिथल्या पेंटेकॉस्टल मंडळींमध्ये दागिने न घालण्याची जुनी रीत आहे. मी ज्या घरात भाड्यानं राहत होते त्याच्या शेजारच्या लग्नात मुलीच्या अंगावरचं सोनं बायका डोळ्यांनी तोलताना मी पाहिल्या, आणि लगेच पुढच्या रविवारी एका साध्या प्रार्थनाघरात पांढऱ्या कपड्यांतल्या, गळा-कान मोकळे असलेल्या बायकांची रांग पाहिली. डॉक्टरीणबाई कोण आणि मासळी विकणारी कोण, ते ओळखू येत नव्हतं. जिथं सोन्यावरून घराची पायरी ठरते तिथं सोनं उतरवणं म्हणजे पायऱ्याच पुसून टाकणं. त्या भूमीत त्या रीतीला अर्थ आहे, आणि फार सुंदर अर्थ आहे. पण आमच्या वस्तीत सोनं होतंच कुणाकडे? नानीची जोडवी चांदीची, तीही तिच्या आईनं शेळी विकून केलेली. ती उतरवून कुणाची कुणाशी बरोबरी होणार होती?

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी धरून बसले आहे. बाहेरून येणारा धर्मगुरू जे 'शुद्ध' म्हणून आणतो, ते पुष्कळदा त्याच्या गावचं असतं. त्याच्या आईच्या घरातलं, त्याच्या गल्लीतलं. शुभवर्तमान आणि गावची चाल यांचं गाठोडं त्याला एकच वाटतं, कारण त्याला ते एकत्रच मिळालेलं असतं. आणि ज्यांच्याकडे तो येतो त्यांच्या बाबतीत मात्र तो ही दोन नीट वेगळी करून पाहतो, विश्वास एका बाजूला आणि चालीरीती दुसऱ्या बाजूला, आणि चालीरीतींवर फुली मारतो.

आमचं देऊळच घ्या. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ साली नगरला आली. ती न्यू इंग्लंडकडची. त्यांनी बांधलेल्या देवळांना त्यांच्याकडच्या खेड्यांतल्यासारखी घंटा आली, लाकडी बाकं आली, सगळ्यांनी एकदम उभं राहून एकदम बसायची पद्धत आली. माझी आजी बाकावर कधी नीट बसली नाही. तिचे पाय खाली लोंबकळायचे. प्रार्थना लांबली की ती हळूच खाली उतरून भिंतीला टेकून मांडी घालायची, आणि पाळकसाहेबांनी पाहिलं तरी काही बोलायचे नाहीत.

पण त्याच माणसांनी आणखी एक आपल्या गावची चाल आणली, आणि तिच्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. मंडळीचा कारभार मंडळीनंच पाहायचा, वरून कुणी बिशप नेमायचा नाही, सभासदांनी सभा भरवून हात वर करून ठरवायचं, अशी त्यांच्या पंथाची रीत होती. आमच्याकडे मंडळीत आलेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत त्यांतले पुष्कळ आले. गावाच्या चावडीत ज्यांना पायरीखाली उभं राहावं लागे, त्यांनी देवळात सभा भरवली, मतं मोजली, हिशेब विचारला. माझ्या पणजोबांना सही येत नव्हती, पण मंडळीच्या वहीत त्यांचा अंगठा आहे. कागद पिवळा पडलाय. अंगठ्याच्या रेषा मात्र अजून स्पष्ट दिसतात. मी ती वही पाहिली त्या दिवशी बराच वेळ ते पान उलटवू शकले नव्हते.

म्हणून 'बाहेरचं ते वाईट, आपलं ते चांगलं' असं मला म्हणता येत नाही. आपलं म्हणजे तरी काय? ज्याला आज आमचे म्हातारे 'आपली जुनी उपासना' म्हणतात, ते ख्रिस्ती कीर्तन आणि भजन. बुवा उभे, पाठीमागे टाळकरी, पेटी, तबला, पूर्वरंग-उत्तररंग, मध्ये येशूच्या दाखल्यांचं आख्यान. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांनी ही परंपरा घालून दिली आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तिला कवितेचं बळ दिलं. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला राहिले. आमच्या वस्तीच्या दृष्टीनं पाहिलं तर तेही बाहेरचेच. ब्राह्मण घरातले, संस्कृत जाणणारे, निराळ्या बोलीचे.

आणि कीर्तन? ते तरी आमचं होतं का? देवळाच्या सभामंडपात हरिदास उभा राहायचा तेव्हा आमची माणसं आवाराच्या भिंतीबाहेर, लांब, अंधारात. आजी सांगायची की तिच्या सासऱ्यांना कितीतरी पदं येत होती, पण म्हणणाऱ्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते फक्त ऐकलेलं होतं. मग सांगळे-टिळकांची परंपरा वस्तीत पोचली. बुवा आमच्याच देवळात, आमच्याच समोर उभा राहिला आणि शेवटी म्हाताऱ्याला पुढे बोलावून त्याच्या हातात टाळ दिले. भिंतीपलीकडचं शेजारचं धन आम्हाला मिळालं ते या बाहेरच्यांच्या हातून. पेटी तर युरोपातून आलेली. हे सगळं जुळून जे झालं, ते आता आम्हाला आमच्या हाडामांसाचं वाटतं. आणि ते खरंच आहे. शंभर वर्षं रडताना, नाचताना, मढं उचलताना जे गायलं ते आपलंच असतं.

तरी या गोड गोष्टीतही एक काटा आहे. तो सांगायला मला जड जातं, कारण टिळकांवर माझं प्रेम आहे. भजनं आली, छापील आली, शुद्ध आली, आणि आजीची ओवी मागे पडली. आजी जात्यावर येशूला गायची. तिची एक ओवी माझ्या आईनं मला सांगितलेली:

दळण सरंना, मरिया जाऊबाई
दे लेकरू माझ्यापाशी, गाते मी अंगाई

मरिया जाऊबाई! पहाटेच्या अंधारात एक बाई दळतेय, दुसरी जाऊ बाळ घेऊन बसली आहे, आणि पहिली म्हणते, तू दमलीस, आण इकडं. मला तर प्रभूच्या देहधारी होण्यावरचं इतकं नेमकं भाष्य कुठल्या प्रवचनात मिळालेलं नाही. पण नगरहून शब्बाथशाळा घ्यायला येणाऱ्या एका बाईंनी ते ऐकलं आणि आजीला प्रेमानं समजावलं की मरिया प्रभूची आई, ती आपली जाऊ कशी असेल, असं म्हणू नये. आणि 'सरंना' नव्हे, 'सरेना' म्हणायचं. त्या बाई परदेशी नव्हत्या. मराठीच होत्या, नगरच्या, शिकलेल्या. वस्तीला बाहेरचं माणूस म्हणजे समुद्रापलीकडचंच लागतं असं नाही. पन्नास किलोमीटरवरचं पुरतं. आजीनं त्यानंतर छापील भजनं पाठ केली. ओव्या ती कुणी नसताना गायची. मग पिठाची गिरणी आली आणि जातंच उभं करून ठेवलं गेलं. ओवी नेमकी कुणामुळे गेली याचा निवाडा मी करू शकत नाही. गिरणीचा वाटा मोठा आहे. पण गिरणी येण्याआधीच तिला लाज चिकटली होती, हे मी विसरू शकत नाही.

हलगीचं तर याहून अवघड आहे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी होती. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि हलगी सोडली. मी शाळेत असताना कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की मिशनऱ्यांनी लोकवाद्यं बंद पाडली. तावातावानं आजोबांना विचारलं, "पाद्र्यानं तुमची हलगी काढून घेतली ना?" आजोबा बराच वेळ विडीचं थोटूक चिमटीत धरून बसले. मग म्हणाले, "पाद्री काय घेतोय काढून? बाप म्हणायचा, पाटलाच्या घरी लगीन असू दे का मयत, हाक आली की उठायचं. पोटात अन्न असो नसो. देणार ते शिळं. त्या हलगीचा आवाज आला की त्येला भूक आठवायची." पुढे काही बोलले नाहीत.

मला तेव्हा कळलं की सोडणारा कधी कधी आपल्या मर्जीनं सोडतो, आणि बाहेरचा धर्म त्याला सोडायला एक दार उघडून देतो, इतकंच. त्या दारातून बाहेर पडलेल्या माणसाला 'तुमची संस्कृती का टाकलीत' असं शहरात बसून विचारणं निर्दय आहे. आता गेल्या काही नाताळांपासून वस्तीतली पोरं मिरवणुकीत हलगी आणतात. ज्यांनी वेठ पाहिली नाही त्यांना तिच्यात फक्त ताल ऐकू येतो. पहिल्या वर्षी सभांच्या बाजूचे लोक म्हणाले, हे सैतानी वाद्य. जुने लोक म्हणाले, हे गुलामीचं वाद्य. दोघांनी मिळून विरोध केला. पोरांनी वाजवलीच. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. आजोबा असते तर काय म्हणाले असते, या विचारानं माझे हात गार पडले होते आणि पाय मात्र ताल धरत होते.

गोव्याच्या इतिहासात हे सगळं फार मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. तो इथली भाषा शिकला, इथल्या पुराणांची घडण त्यानं कानात साठवली आणि १६१६ साली राशोलला 'ख्रिस्तपुराण' छापून आलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, मराठीत. स्वर्गाला त्यानं वैकुंठ म्हटलं. त्याच गोव्यात एकशेवीस वर्षांनी, १७३६ साली, इन्क्विझिशन या धर्मन्यायालयानं हुकूम काढला की ख्रिस्ती लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, हळद लावायची नाही, विडे वाटायचे नाहीत, देशी वाद्यं वाजवायची नाहीत, दारात तुळस लावायची नाही. एकाच धर्माचे, एकाच समुद्रातून आलेले हे लोक. एकानं ओवी लिहिली, दुसऱ्यानं ओवीवर बंदी घातली. फरक मला एवढाच दिसतो की स्टीफन्सनं आधी कित्येक वर्षं ऐकलं. हुकूम काढणाऱ्यांनीही काळजीपूर्वकच ऐकलं असणार, नाहीतर इतकी बारीक यादी कशी झाली असती? पण ते पकडण्यासाठी ऐकत होते. आणि तरी गोव्याच्या ख्रिस्ती लग्नात नवरानवरीला नारळाचा रस लावायचा रोस आजही होतो. बाया गातातही.

आमच्याच जिल्ह्यात हरेगावला दर सप्टेंबरात मतमाऊलीची यात्रा भरते. कॅथलिक लोकांची, पण जातात सगळेच. आम्ही प्रॉटेस्टंट, आम्हाला लहानपणी मूर्तीपुढे जायची मनाई होती, तरी आई आम्हाला घेऊन जायची आणि बाहेर रेवड्या घेऊन द्यायची. मला त्या यात्रेत सगळ्यांत आवडतो तो शब्द. माऊली. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीता सांगितली म्हणतात, तो खांब इथून फार लांब नाही. त्या मातीत रोमहून आलेल्या धर्माला आईसाठी दुसरा शब्द सापडलाच नसता.

आता सभांकडे परत येते. त्यांनी जे नेलं त्यात जोडवी ही लहान गोष्ट. मोठं गेलं ते रविवारचं भजन. 'उपासना संगीत' हे आमचं भजनांचं पुस्तक कपाटात गेलं आणि पडद्यावर हिंदी गाणी आली. आमच्यात भेटल्यावर 'सलाम' म्हणायची रीत होती. म्हातारी माणसं दोन्ही हात हातात घेऊन सलाम करायची. तिच्या जागी 'प्रेज द लॉर्ड' आलं. 'ख्रिस्ती' हा शब्द जाऊन 'मसीही' आला. तरुण पोरांना ती गाणी आवडतात, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं ते खरं असतं. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं मला विचारलं, "पोरी, आता मी देवाशी कुठल्या भाषेत बोलू?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा माणूस शब्बाथाच्या आदल्या रात्री चिंचेनं टाळ घासायचा. ते टाळ त्यानं मला दाखवले. हिरवे पडले होते.

बाहेरून येणाऱ्याला हे माहीत नसतं की तो तीन रात्रींत जे बोलून जातो ते उचलायला वस्तीला तीन पिढ्या लागतात. तो पुढच्या गावी जातो. कातडी सोललेलं बोट इथंच राहतं.

नानीनं त्या रात्री जोडवी दिली नाहीत. मांडवात पत्र्याचा डबा फिरत आला, तिनं पदराची गाठ हातात धरली आणि डबा शेजारणीकडे सरकवला. घरी येऊन म्हणाली, "हातच फुडं ग्येला न्हाई. आई दिसली." पण पुन्हा घातलीही नाहीत. देण्याचं धाडस नव्हतं, घालण्याचंही उरलं नव्हतं. तिचे पाय कित्येक वर्षं तसेच मोकळे राहिले. वळ हळूहळू बाकीच्या कातडीसारखा झाला.

ते वक्ते गेले, पण त्यांच्या मंडळीनं वस्तीत एक तरुण जोडपं ठेवलं. नवराही केरळचा. त्याच्या बायकोला आल्यावर मराठीचा एक शब्द येत नव्हता. पाणी आणायला, दळण टाकायला, पोराला अंगणवाडीत सोडायला तिला नानीच्या ओट्यावरूनच जावं लागायचं. दोघींचं बोलणं आधी खुणांनी सुरू झालं. मग "ह्याला काय म्हणता?" हा एक प्रश्न तिला आला, आणि त्या एका प्रश्नावर तिनं सगळी भाषा उभी केली. सूप, उखळ, शेणी, वाकळ. मळा वेगळा आणि रान वेगळं. नानीचं बोलणं तिनं तसंच उचललं. ती 'हाय' म्हणते, 'न्हाई' म्हणते, आणि तिच्या तोंडी ळ इतका गोल येतो की ऐकत राहावं. मागच्या पावसाळ्यात माझ्या भाचीचं बारसं झालं तेव्हा तिनं उठून पाळण्याची दोरी धरली आणि नानीकडून शिकलेला पाळणा सुरात म्हटला. तिचे हात, कान, गळा अजूनही मोकळेच आहेत. ती तिची चाल आहे, तिच्या आईची.

बारशाची भांडी आवरल्यावर ती नानीजवळ बसली. नानी पाय पसरून तेल लावत होती. तिनं नानीच्या बोटाला हात लावला, जिथं सांध्यावर जुना व्रण आहे तिथं, आणि विचारलं, "नानी, हे काय झालं?"

नानी माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, फळीवरचा डबा काढला, त्यातल्या फडक्याची गाठ सोडली. चांदी काळी पडली होती. तिनं एक जोडवं त्या मुलीच्या तळहातावर ठेवलं.

"ह्याला काय म्हणता?" मुलीनं विचारलं.

नानीनं नाव सांगितलं. मुलीनं ते दोनदा म्हणून पाहिलं. मग तिनं दोघींचे ओले हात पुसले, कोनाड्यातली राखेची वाटी ओढून घेतली आणि बोटानं चांदी घासायला लागली.